न सांगायचा नाद

त्या वर्षी माळावरच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि पुंजारामची विहीर तर तळाच्याही खाली गेली असं लोक म्हणत. आत वाकून हाक मारली तर आपलीच हाक कोरडी होऊन वर यायची. म्हणून ज्या सकाळी पुंजाराम कठड्याला कान लावून बसला आणि "पानी वाजतंय" म्हणाला, त्या सकाळी त्याच्या बायकोला, लंकाबाईला, आधी हसू आलं आणि मग भीती वाटली.

आजारी माणूस असं काही बोलला की घरच्याला भीती वाटतेच. पुंजाराम दिवाळीपासून दुखण्यात होता. आधी खोकला, मग संध्याकाळचा बारीक ताप, आणि एक दिवस दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता तोंडातून रक्त. फोडलेल्या खडीवर ते पडलं तेव्हा शेजारची बाई आपलं घमेलं घेऊन लांब सरकली, हे लंकाबाई विसरली नव्हती. सडकेकडेच्या बाभूळखेड्याला दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथं आठवड्याला डॉक्टर यायचा. त्यानं छातीला नळी लावली, बेडका तपासायला धाडला आणि क्षय आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून रोज एक सुई आणि गोळ्या. सुईनं गुण आला, रक्त थांबलं, ताप गेला, भाकरी तोंडाला लागू लागली. लंकाबाई रोज चुलीपुढं हात जोडताना देवाच्या जोडीनं त्या सुईलाही जोडायची.

"ऐक ना," पुंजाराम म्हणाला. "झरा फुटलाय. बारीक हाय, पर फुटलाय."

तिनंही कठड्याला कान लावला. आत पारव्यांची फडफड, आणि त्यानंतर काही नाही. पण नवऱ्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं, ते मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिनं पदर खोचला आणि पायऱ्या उतरून तळाशी गेली. गाळ वाळून त्याच्या ढलप्या झाल्या होत्या. एका भेगेत तिनं कोपरापर्यंत हात घातला. भेग आतून गार होती, ओली नव्हती. वर बघितलं तर नवऱ्याचं डोकं आणि त्याच्यामागं पांढरं आभाळ.

"लागलं का?" त्यानं वरून विचारलं.

"न्हाई वो."

"मंग वाजतंय काय?"

ती वर आली तोवर तो विहिरीपासून लांब, कवठाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला होता आणि तिथंही मान कलती करून ऐकत होता. माणूस जाईल तिथं पाणी मागून येत होतं म्हणे. असलं पाणी लंकाबाईनं कधी ऐकलं नव्हतं.

याचा उलगडा केला गहिनीनाथ तात्यांनी. तात्या म्हणजे पुंजारामचे चुलते. बायको गेल्यापासून याच वस्तीवर एका छपरात राहायचे. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली शिंगाची शिट्टी, शिंगी, पुढ्यात कधी न विझू दिलेली धुनी. दरसाल शिमग्याला मढीला कानिफनाथाच्या यात्रेला जायचे आणि येताना साऱ्या वस्तीला पुरतील एवढ्या रेवड्या आणायचे. लोक त्यांना अर्धा जोगी म्हणत, आणि उरलेला अर्धा कशाला शिल्लक ठेवला म्हणून चेष्टाही करत. तात्या हसण्यावारी न्यायचे. मनातून मात्र त्यांना एक दुखणं होतं. सारा जन्म डोळे मिटून धुनीपुढं बसले, पण नाथपंथातले मोठे लोक ज्याची गोष्ट करतात तो आतला नाद काही त्यांना ऐकू आला नव्हता. गुडघे तेवढे धरले होते.

त्यांनी पुतण्याला धुनीपुढं बसवून बारकाईनं विचारलं. एका कानात येतं की दोन्ही? दोन्ही. कान झाकले तर थांबतं का? पुंजारामनं तळव्यांनी कान दाबून बघितले आणि म्हणाला, उलट वाढतंय. धुनीतलं लाकूड तात्यांनी उगाच इकडचं तिकडं केलं.

"पुंजा, हे पानी न्हाई," ते अखेर म्हणाले. "भायेरून येतो त्यो आवाज. आतून येतो त्यो नाद. तुला नाद लागलाय, लेकरा."

आणि त्या म्हाताऱ्यानं वाकून पुतण्याच्या पायाला हात लावला. पुंजाराम दचकून मागं सरकला. दाराशी उभ्या लंकाबाईला काय करावं सुचेना. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. हत्तीच्या कानातून जन्मलेला देव आमचा, ते म्हणत होते, कानाच्या वाटेनंच यायचा. आपल्या दाराशी न येता पुतण्याच्या दाराशी आला, तरी घर एकच. तात्यांच्या बोलण्यात असूयेचा कण नव्हता. मग त्यांनी दोघांनाही बजावलं.

"पर ह्यो सांगायचा न्हाई. सांगितला की जातो. ज्येला आला त्येनं सांगायचा न्हाई, आन् ज्येच्या कानावर आला त्येनं बी न्हाई." हे शेवटचं त्यांनी लंकाबाईकडं बघून म्हटलं.

नाद पुंजारामला नवा नव्हता. तरण्या वयात त्याला तमाशाचा नाद होता, मग पत्त्यांचा, मग बैलांच्या शर्यतींचा. एकेक नाद सोडवताना लंकाबाईच्या नाकी नऊ आले होते. हा नाद मात्र तिला बरा वाटला. खर्च नाही, उंबरा ओलांडणं नाही, आणि माणूस कसा निवून गेला होता. दुष्काळ पडल्यापासून तो शब्दाला शब्द लागू द्यायचा नाही, करवादायचा. बैल चारा छावणीला सोडून आला त्या दिवशी त्यानं भरलेलं ताट भिंतीवर मारलं होतं. आता तोच माणूस कवठाखाली बसून काजळीनं काळ्या झालेल्या भांड्याकडंही मायेनं बघायचा.

ते दिवस लंकाबाईला पुढं कधी आठवले की स्वप्नातल्यासारखे आठवायचे. पौष सरत आला होता. सकाळी माळावर धुकं नसायचं, धूळच धुक्यासारखी उभी असायची आणि तिच्यातून ऊन पिवळं होऊन यायचं. त्या धुळीतून दोघं बाभूळखेड्याच्या वाटेला लागायची. खडीचं कामही त्याच सडकेवर होतं. त्याला दवाखान्यात सुई टोचून घ्यायची, सावलीत बसवायचं आणि आपण हातोडी घेऊन खडीला बसायचं, असा तिचा दिवस. वाटेनं तो तिला आजचा नाद सांगायचा, कारण तिला आधीच माहीत होतं, तिला सांगितल्यानं जाणार नव्हता. आधी पाण्यासारखा होता, मग लांबून कुणी शिंगी फुंकावी तसा झाला, आता आग्या मोहोळ उठल्यासारखा. तू म्हनशील कटकट व्हत आसंल, तो म्हणायचा, पर सोबत वाटती. ती पुढं चालत चालत ऐकायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, लेक कोल्हारला प्रवरेच्या काठी देऊन झाली, पण नवऱ्यानं आपल्याला मनातलं असं कधी सांगितलं नव्हतं.

त्याचा तोल मात्र जायला लागला. चालता चालता एका अंगाला जायचा, दिवेलागणीनंतर तर भिंत धरल्याशिवाय चालवायचं नाही. तात्या म्हणाले, नाथाचा झोका आहे, घाबरू नको. मग तो वाटेनं तिच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला. दिवसाढवळ्या, भर सडकेवर नवऱ्याचा हात खांद्यावर घेऊन बाई चाललेली बघून खडीवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. लंकाबाईला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

दवाखान्यात नर्स होती मरियमबाई. पांढरं लुगडं, हातात घड्याळ, बोलणं थोडं मास्तरी आणि हात फार हलका. डॉक्टर येईल तेव्हा येईल, रोजचा कारभार तिच्याच अंगावर. सकाळी स्टोव्हवर सुया उकळत ठेवायची. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडून ती दोन्ही तळव्यांत घुसळायची, आणि एकेकाला आत बोलवायची. जाडा आला तरी तीच बाटली, बारका आला तरी तीच. माणसं दुष्काळानं अर्धी झाली होती, औषध मात्र पुरं जात होतं. वजनकाटा मोडून पडला होता आणि नवा मागितला होता, तो काही येत नव्हता. म्हणून टोचण्याआधी ती प्रत्येकाला न चुकता विचारायची. चक्कर येते का? ओठाला मुंग्या येतात का? कानात आवाज येतो का?

"न्हाई," पुंजाराम सांगायचा.

चक्कर नव्हती, झोका होता. आवाज नव्हता, नाद होता. पुंजाराम खोटं बोलत होता असं त्याला स्वतःला कधीच वाटलं नाही, आणि उंबऱ्यावर उभी लंकाबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायची. मरियमबाई सुई टोचायची.

शेळीच्या गळ्यातलं घुंगरू प्रथम गेलं. शेळी सुटून कवठाच्या फांद्या ओरबाडत होती, घुंगरू वाजत होतं, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या पुंजारामला पत्ता नव्हता. लंकाबाई म्हणाली, तंद्री लागली असेल. मग तो मोठ्यानं बोलायला लागला. घरातल्या घरात असा बोलायचा की जणू ती पलीकडच्या बांधावर आहे. सासू असती तर म्हणाली असती, आता जोडा शोभला. कारण सासूचं लंकाबाईवर एकच नेहमीचं बोलणं होतं, लंकीचा हात जड. ही भाकरी थापायला बसली की कवठाची कवठं गळून पडतात, असं ती आल्यागेल्याला सांगायची. पुंजारामही त्यावरून बायकोला चिडवायचा.

आणि मग शिमग्याच्या आधीची ती दुपार आली. टँकरचं पाणी घेऊन ती वस्तीवर परतली. पुंजाराम भिंतीशी उन्हाला पाठ देऊन बसला होता. तिनं हंडा उतरवला, तांब्या भरला, मागून जाऊन त्याच्याजवळ ठेवला. तो एकदम दचकला.

"कवा आलीस?" मग मान न वळवता, जरा रागानंच म्हणाला, "आन् बांगड्या कुठं टाकल्यास? मी जित्ता हाय आजून."

लंकाबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. संक्रांतीला भरलेला हिरवा चुडा दोन्ही हातांत होता, एकही बांगडी वाढवलेली नव्हती. तोवर त्यानं मान वळवली आणि त्यालाही दिसला. तिनं हात हळूच त्याच्या कानाशी नेला आणि हलवला. किणकिण झाली, तिला नीट ऐकू आली. तो बांगड्या हलताना बघत होता. तिनं पुन्हा हलवला, जोरानं. एक बांगडी फुटली आणि तिचा तुकडा त्याच्या मांडीवर पडला.

"नादाम्होरं बाकीचं बारीक हुतं," तो म्हणाला. "तात्या म्हनलं हुतं तसं." तात्या असं काही म्हणाले नव्हते. त्यानं हसून दाखवलं, पण तो तुकडा मुठीत धरून बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर रांग होती. पुंजारामला आत बोलावलं आणि लंकाबाई बाहेर टेकली. शेजारी मिरजगावाकडून आलेली बनुबाई नावाची म्हातारी होती. तिलाही क्षयच, पण तिच्या हातात औषधाच्या पुड्या होत्या. लंकाबाईनं सहज विचारलं, तुमची सुई संपली वाटतं. म्हातारी म्हणाली, संपली नाही, बंद केली. कानात वाजायला लागलं, तसं नर्सबाईला सांगितलं, आणि तिनं त्याच दिवशी सुई थांबवली.

"सुईनंच व्हतंय म्हनली. चालू ठिवली आसती तर ठार भैरी झाले आसते."

"मोहोळ उठल्यावानी वाजायचं का?" लंकाबाईनं विचारलं.

"मंग मोहोळ. आदी पान्यावानीच."

आत स्टोव्हचा आवाज चालू होता. बाटली घुसळून झाली की सुई भरायला कितीसा वेळ लागतो. सांगितलं तर नाद जाणार, तात्यांनी बजावलं होतं, आणि नादाबरोबर तो कवठाखालचा निवलेला माणूसही जाणार. सांगितलं तर सुई जाणार, आणि सुई गेली तर खडीवरचं ते रक्त परत यायचं. न सांगितलं तर? तिला त्या बांगड्यांकडं बघणारे डोळे आठवले. तिनं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण कोणत्या देवाचं घ्यावं ते कळेना, कारण ज्याचं घ्यायची तोच तर आडवा आला होता. ती उठली आणि पडदा सारून आत गेली.

पुंजाराम बाकावर कुशीवर पडला होता, तोंड भिंतीकडं, धोतर कमरेखाली सरकवलेलं. मरियमबाईनं सुई उजेडाकडं धरली होती.

"थांबा, बाई," लंकाबाई म्हणाली. "ह्यांच्या कानात वाजतंय. पौषापासनं."

मरियमबाईचा हात तिथंच थांबला. तिनं वाकून पुंजारामला विचारलं, कानात आवाज येतो का? भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला काही कळलंच नाही. तिनं मोठ्यानं विचारलं. मग ओरडून.

"आवाज न्हाई," पुंजारामनंही ओरडूनच सांगितलं.

"मग काय येतं?"

तो वळला. त्याला बायको दिसली, तिचं तोंड दिसलं, आणि त्याला उमगलं. त्यानं मान नकारार्थी हलवली, फक्त तिला दिसेल एवढीच. आजवर तिनं त्याची ती खूण कधी मोडली नव्हती.

"आवाज न्हाई म्हनत्यात ते खरं हाय," लंकाबाई म्हणाली. "नाद हाय त्यो. नाथाचा नाद म्हनून सांगत न्हवतो."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. पुंजाराम उठून उभा राहिला आणि धोतर वर ओढायला लागला. तोल जात होता, गाठ बसेना. पडदा अर्धा उघडा होता आणि सगळी रांग बघत होती. अखेर लंकाबाईनं पुढं होऊन लहान मुलाचं बांधावं तसं त्याचं धोतर बांधलं. त्यानं बांधू दिलं, पण छताकडं बघत.

मरियमबाईनं भरलेली सुई मोरीत रिकामी केली. एवढं महागाचं औषध मोरीत जाताना बघून लंकाबाईला रडू फुटलं. नर्स खुर्चीवर बसली. ती रागावेल असं लंकाबाईला वाटलं होतं, पण ती स्वतःशीच बोलत असल्यासारखी म्हणाली, "रोज विचारत होते मी. आवाज, आवाजच म्हणत राहिले."

वाटेत पुंजारामनं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. एक काठी उचलली आणि पुढं चालू लागला. ओढ्याच्या उताराला तो पडला. ती धावली, तर त्यानं काठी तिच्या आणि आपल्यामध्ये आडवी धरली.

"माझा नाद सोड आता," तो म्हणाला. ते इतकं मोठ्यानं आलं की पलीकडच्या रानातली कुत्री भुंकली.

डॉक्टर त्याच्या वारी आला आणि त्यानं सुई कायमची बंद केली. बदल्यात पुड्या दिल्या. त्या मळमळायच्या, जेवणावर घ्या म्हणाला, आणि जेवण किती मिळतं ते त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. कानांचं जे गेलं ते परत यायचं नाही, म्हणाला, पण जे राहिलंय ते आता राहील, वेळेवर सांगितलंत. लंकाबाईनं काय राहिलंय असं विचारलं. बारीक आवाज गेले, जाड आवाज काही काही येतील, तो म्हणाला. खरं तर वेळेवर म्हणजे पौषातच सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. ते तिनं स्वतःला पुढं बरेच दिवस सुनावलं.

तात्यांना तिनंच जाऊन सांगितलं. नियम मोडला, नाद सुईचा होता, नाथाचा नव्हता. म्हातारा धुनीकडं बघत बसला. शिव्या दिल्या असत्या तरी तिनं पदर पसरून घेतल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी अंगात धुतलेली बंडी घालून तात्याच दवाखान्याला निघाले. लंकाबाईला वाटलं, आता नर्सबाईशी भांडण करणार, म्हणून ती मागोमाग गेली. तात्या रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर आत गेले, आणि मरियमबाईपुढं हात जोडून फार हळू बोलले.

"बाई, मला एक सुई मिळंल का? माझं कान गेलं तरी चालत्याल."

मरियमबाईनं मान खाली घातली. मग तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि निरोगी माणसाला ते देता येत नाही असं समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, बरं. सबंध वाट ते लंकाबाईच्या पुढं चालत होते. शिंगी छातीवर हलत होती आणि त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही. तिला नवऱ्यापेक्षा त्या वेळी त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

मरियमबाईनं त्या दिवसापासून विचारायची रीत बदलली. कानात आवाज येतो का, एवढ्यावर ती थांबेना. आवाज येतो का, नाद येतो का, पाणी वाजतं का, देव बोलतो का, असं सगळं विचारून घ्यायची. रांगेतले लोक हसायचे. ती हसू द्यायची, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सुई उचलायची नाही.

पुंजारामनं मात्र अबोला धरला. धरला म्हणायचा की पडला, हे लंकाबाईला कळेना. ती हाक मारायची, तो बघायचा नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नाही? दाराआडून, चुलीपुढून, विहिरीच्या काठावरून तिनं किती हाका मारून बघितल्या. खोकला कमी होत गेला, गालांवर मास धरायला लागलं. कामावर खाऊ म्हणून मिळणारी सुकडी तो खायचा, पुडी घ्यायचा, आणि कवठाखाली जाऊन बसायचा. आता त्याचा चेहरा निवलेला नव्हता, विझलेला होता. माणूस वाचवला आणि घालवलाही, असं तिला वाटायचं. खडी फोडताना डोळ्यांतून पाणी आलं तर ती कच उडाली म्हणायची.

चैत्रातली ती संध्याकाळ. रेशनची तांबडी मिलो ज्वारी संपत आली होती. मडक्याच्या तळाशी दोन भाकरींपुरतं पीठ होतं, दोघा पुरुषांना एकेक होईल असं तिनं धरलं. बाहेर ऊन उतरून कवठाची सावली पार विहिरीपर्यंत गेली होती, आणि त्या सावलीच्या टोकाला पुंजाराम घराकडं पाठ करून बसला होता. लंकाबाई काठवट ओढून थापायला बसली. मिलोच्या भाकरीला चिकटा नसतो, ती चिरते, म्हणून जरा दाबून, जास्त थापावी लागते. थप, थप, थप. तिचं लक्ष पिठाकडं होतं. सहज वर बघितलं तर त्याची मान वळली होती.

योगायोग असेल, असं तिला वाटलं. तिनं पहिली भाकरी तव्यावर टाकली, दुसरी थापायला घेतली. थप, थप. तो सबंध वळून बसला.

"चूल पेटवलीस व्हय?" तो म्हणाला.

लंकाबाईचे हात काठवटीतच राहिले. आवाज थांबला तसा त्याचा चेहरा हरवल्यासारखा झाला. तिनं पुन्हा थापलं. त्याची मान प्रत्येक थापेला हलत होती, भजनात बसलेल्या माणसाची हलते तशी.

"वाजतंय की गं," तो म्हणाला. "नादाच्या मधनं बी येतंय. आय म्हनायची ते खोटं न्हाई, लंकीचा हात जड." आणि तो हसला, विहिरीच्या कठड्यावर हसला होता तसा. "थांबू नगो."

दुसरी भाकरी थापून झाली. मडक्यात तिनं हात घातला, तळाला नखं लागली. पीठ संपलं होतं. तव्यावर पहिली भाकरी होती, दुसरी तिनं बाजूच्या ताटात काढून ठेवली, आणि समोर काठवट रिकामी. बाहेर तो मान कलती करून वाट बघत होता.

लंकाबाईनं काठवट पुसली आणि रिकाम्या काठवटीवर दोन्ही तळहात मारायला सुरुवात केली. थप, थप, थप.

आपल्या वाटणीची भाकरी घ्यायला तात्या आत आले. त्यांनी रिकामी काठवट बघितली, मडकं बघितलं, दारातून बाहेर बघितलं. मग ते चुलीशी बसले.

"आज लई भाकरी करतीस गं," बाहेरून पुंजारामचा मोठा आवाज आला. "कोन येनार हाय?"

बोलून उपयोग नव्हता, म्हणून ती थापतच राहिली. तळहात लाल झाले होते, बांगड्या किणकिणत होत्या, त्या तिच्या तिलाच ऐकू येत होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी ती तात्यांनी उलटली.